किती वाजले?

जगातला सर्वांत निरुपद्रवी प्रश्न कोणता, असे परवापर्यंत कोणी मला विचारले असते, तर "किती वाजले?" हाच तो प्रश्न, असे मी बेधडक उत्तर दिले असते. रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवून त्याचे गाव किंवा पगार विचारला, तर तो आपल्याकडे संशयाने पाहील. परंतु किती वाजले म्हणून विचारले, तर तो मनगट वर करील किंवा सांप्रतच्या रीतीप्रमाणे खिशातला फोन काढील, आणि आपल्या हातून एक लहानसा परोपकार घडला या समाधानात पुढे चालू लागेल. या प्रश्नात कोणाचे काही दुखावण्यासारखे आहे, असे मला कधी वाटले नव्हते. परंतु गेल्या जून महिन्यात माझा अमेरिकेतला नातू सुटीसाठी शिरूरला आला, आणि त्याने हा साधा प्रश्न अशा काही अजब रीतीने विचारला की, पन्नास वर्षे आमच्या घरात कोणी न उघडलेले एक दार आपोआप उघडले.

शिरूर म्हणजे आमचे बीड जिल्ह्यातले शिरूर कासार. पुणे जिल्ह्यातल्या घोडनदीच्या शिरूरशी त्याची गल्लत करू नये. ती गल्लत टपालखात्याने पुष्कळ वेळा केली असून तिची फळे आम्ही भोगलेली आहेत. सिंदफणेच्या काठचे हे गाव. येथे माझी नव्वदीची आई आणि मी असे दोघे राहतो. आईचे डोळे अजून शाबूत आहेत, कान मात्र पुष्कळसे थकले आहेत.

नातू पंधरा वर्षांचा. या वयात मुलांना कसले ना कसले वेड असायचेच. आमच्या वेळी ते क्रिकेटचे किंवा कविता करण्याचे असे. या मुलाला वेड होते ते एका भाषेचे, आणि तीही जिचे बोलणारे लोक या पृथ्वीच्या पाठीवर कधी जन्मालाच आले नाहीत अशा भाषेचे! 'स्टार ट्रेक' नावाच्या चित्रपटमालिकेत क्लिंगॉन नावाची परग्रहावरची एक लढवय्यी जात आहे. १९७९ सालच्या चित्रपटात त्यांच्या तोंडी नुसते काही चमत्कारिक उद्गार होते. परंतु १९८४ सालच्या चित्रपटासाठी मार्क ऑक्रंड नावाच्या एका अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने त्यांना रीतसर व्याकरण असलेली भाषा रचून दिली, आणि १९८५ साली तिचा कोशही छापून निघाला. या गृहस्थाने आपला प्रबंध लिहिला होता तो कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन नावाच्या एका आदिवासी भाषेच्या व्याकरणावर, जी बोलणारे कोणी उरले नव्हते. बोलणारे संपून गेलेल्या भाषेचा अभ्यास ज्याने केला, त्यानेच बोलणारे मुळी नसलेली भाषा निर्माण करावी, ही योगायोगाची गोष्ट मला मोठी मौजेची वाटली.

मी जन्मभर मास्तरकी केलेली; तेव्हा मुलाची परीक्षा घेतल्यावाचून मला राहवेना. "बरे, तुझ्या या भाषेत किती वाजले ते कसे सांगतात?" मी विचारले.

"दोन तऱ्हांनी, आजोबा," तो म्हणाला. पहिली तऱ्हा अगदी शिपाईगिरीची. दुपारचे बारा वाजले म्हणजे 'वामाह् चा वत्ल् रेप' म्हणायचे. (त्यातले घशातले उच्चार देवनागरीने काय, पण माझ्या घशानेही काढून दाखविले नाहीत.) त्याचा शब्दशः अर्थ 'बाराशे तास'. लष्करात चोवीस तासांचे घड्याळ चालते, त्यातलाच हा प्रकार. "मग दीड वाजला कसे म्हणायचे?" मी विचारले. त्याने डोके खाजविले. अर्ध्यापाव तासाला त्याच्या माहितीत काही स्वतंत्र शब्द नव्हता; सगळे आकड्यांतच सांगायचे.

आपल्या भाषेचा अभिमान मिरविण्याची अशी आयती संधी कोणता मराठी मास्तर दवडील? मी त्याला सव्वा, दीड, अडीच आणि साडे यांची सारी पलटण दाखविली. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि थेट साडेतिनाची औटकी, हे आम्ही लहानपणी घोकलेले पाढे त्याच्यापुढे म्हटले. मुलगा थक्क झाला. परंतु मुलांच्या थक्क होण्यावर मास्तरांनी फार विसंबू नये. क्षणभराने त्याने विचारले, "आजोबा, पाऊण वाजला म्हणता, पण पाऊण वाजतो कसा? घंटेचा पाऊण ठोका कसा पडेल?"

साठ-पासष्ट वर्षे मी 'पाऊण वाजला' म्हणत आलो, परंतु त्या 'वाजला'कडे माझे लक्षच कधी गेले नव्हते. खरेच, आपण काळ पाहत नाही, आपण तो वाजवितो! आपला एकही शब्द येथे डोळ्यांचा नाही, सगळा व्यवहार कानांचा आहे. आणि त्याचे कारणही उघड आहे. घड्याळ म्हणजे मुळी पाहण्याची वस्तूच नव्हती. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी, म्हणजे घटिकापात्र, पाण्यात सोडीत. ती भरून बुडाली म्हणजे एक घटका झाली. घटका चोवीस मिनिटांची. अशा साठ घटकांची एक अहोरात्र, आणि साडेसात घटकांचा एक प्रहर. वाटी बुडताच राखणदार टांगलेल्या जाड पितळी थाळीवर ठोका देई. त्या थाळीचेच नाव घड्याळ. वाटी पाहणारा एक, ऐकणारा सारा गाव. तेव्हा 'किती वाजले' हा प्रश्न त्या गावाचा आहे. मनगटावर घड्याळ आले तरी प्रश्न जुनाच राहिला.

हे मी सांगत असता मुलाचे डोळे लकाकले. "आजोबा, दुसरी तऱ्हा अगदी अशीच आहे!" तो म्हणाला. क्लिंगॉन भाषेत वेळ विचारताना म्हणतात, 'आर्लोघ् कोय्लुपु?' 'आर' म्हणजे किती, 'लोघ्' म्हणजे आपला 'दा', म्हणजे 'कितीदा'. 'कोय्' म्हणजे ऐकणे. त्याच्या मागे कर्ता अज्ञात असल्याचा एक प्रत्यय आणि क्रिया पुरी झाल्याचा एक प्रत्यय. सारे मिळून, 'कितीदा ऐकले गेले आहे?' उत्तरही त्याच घाटाचे: 'सहादा ऐकले गेले आहे', म्हणजे सहा वाजले.

मी पुष्कळ वेळ त्या वाक्याकडे पाहत राहिलो. शिरूरच्या आणि त्या काल्पनिक ग्रहाच्या माणसांनी एकच गोष्ट दोन बाजूंनी धरली होती. आपण म्हणतो 'वाजले'. कोणी ऐको वा न ऐको, थाळी वाजली म्हणजे झाले. ते म्हणतात 'ऐकले गेले'. ऐकणारा नसेल तर वाजूनही ती वेळ झालीच नाही. भेद एवढासाच. परंतु तो एवढासा नव्हता, हे त्याच रात्री मला कळावयाचे होते.

दुपारी आमचे बोलणे स्थानिक वेळेवर आले. शिकागोत आणि शिरुरात उन्हाळ्यात साडेदहा तासांचे अंतर. हा मधला अर्धा तास कोठून आला, असे त्याने विचारले. मी त्याला सांगितले की, सूर्य एक रेखांश ओलांडावयास चार मिनिटे घेतो, आणि साऱ्या भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर लावलेले आहे. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी सुरू झाली. मुंबईकरांना ती मुळीच रुचली नाही. मुंबईची आपली वेळ तिच्यामागे एकोणचाळीस मिनिटे होती, आणि ती सोडावयास ते इतके नाखूष होते की, मुंबई नगरपालिकेची घड्याळे १९५५ सालापर्यंत जुनीच वेळ दाखवीत होती. पुढे युद्धात तर सरकारने १९४२ पासून १९४५ पर्यंत सगळ्या देशाचेच घड्याळ एक तास पुढे ढकलले होते.

"आणि शिरूरची वेळ?" त्याने विचारले. आम्ही दोघांनी हिशेब केला. शिरूर त्या रेषेच्या पश्चिमेला सुमारे सात अंश. म्हणजे आमचा सूर्य सरकारी घड्याळाच्या मागे अठ्ठावीस मिनिटे. घटकांत सांगावयाचे तर एक घटका आणि दहा पळे. शिरुरात खरी दुपार होते ती सरासरीने बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. शेजारचा नगर जिल्हा इंग्रजांचा. सरहद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे राज्ये निराळी, दफ्तरांच्या भाषा निराळ्या. परंतु दोन्हीकडच्या शेतकऱ्याला पहाट सांगणारा कोंबडा एकच. इतर मुलुखांत घड्याळाची शिस्त रेल्वेने नेली. आमच्या भागात अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी धावू लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोपर्यंत आमचे कोणाचे फारसे अडलेले नव्हते. झुंजुमुंजू झाले, तांबडे फुटले, दिवस कासराभर वर आला, उन्हे कलली, दिवेलागण झाली, एवढ्या ठोक्यांवर येथले आयुष्य चालत असे. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांतली माणसे आजही भल्या पहाटे चांदणी पाहून उठतात. फडात घड्याळ असले तरी त्यांचा भरवसा आभाळावर अधिक.

घड्याळातली एक जुनी खोडही मी त्याला दाखविली. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या घटका-प्रहरांची मोठ्या आस्थेने माहिती दिली आहे. रात्री मध्येच जाग आलेल्या माणसाला तीन किंवा चार ठोके ऐकू आले, तर ते कोणत्या प्रहराचे हे त्याला कळत नसे. म्हणून बाबराने हुकूम केला की, घटकांचे ठोके दिल्यावर थोडे थांबून प्रहराचेही ठोके द्यावेत. "ही अडचण आपल्या घड्याळातही आहे," मी भिंतीकडे बोट दाखविले. आमच्या माजघरात वडिलांनी नगरहून आणलेले चावीचे, लंबकाचे घड्याळ आहे. ते तासाला तासाइतके ठोके देते आणि अर्ध्या तासाला एक. त्यामुळे रात्री साडेबाराला एक ठोका, एकला एक ठोका आणि दीडलाही एकच ठोका पडतो. नातवाला हे फार गमतीचे वाटले. मला ते तितके गमतीचे का वाटत नाही, हे मी त्याला सांगितले नाही.

त्या संध्याकाळी पावसाची सर येऊन गेली आणि वीज गेली. आम्ही तिघे माजघरात कंदिलापाशी बसलो होतो. घड्याळाने आठ ठोके दिले. मुलाला लहर आली. तो आईच्या जवळ सरकला आणि आपल्या त्या परग्रहावरच्या भाषेत त्याने तिला वेळ विचारली. आई हसली. "काय म्हणतोस रे बाळा?" तेव्हा त्याने तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने मराठीत विचारले, "पणजी, कितीदा ऐकू आलं?"

आई क्षणभर थांबली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "एकदाच."

मुलगा हसून म्हणाला, "नाही, आठदा!" परंतु माझ्या अंगावर काटा उभा राहिला. आई आजच्या ठोक्यांबद्दल बोलत नव्हती.

माझे वडील गेले त्याला पन्नासाहून अधिक वर्षे झाली. माघ महिन्याचा वद्यपक्ष होता. मी औरंगाबादेस शिकावयास होतो. निम्मे गाव ऊसतोडीला गेलेले. आमच्या आळीत दोन-तीन घरे काय ती उघडी. वडील दोन दिवस तापात होते. त्या रात्री आई त्यांच्या उशाशी एकटी होती. घड्याळाचे अकरा ठोके तिने मोजले. पुढे तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा माजघरात एक ठोका पडला, आणि त्याच सुमारास वडिलांचा श्वास थांबला. घड्याळ पलीकडच्या खोलीत, अंधारात. ती उठून पाहावयास गेली नाही. शेजारची माणसे आली तेव्हा कोणीतरी घड्याळ पाहिले. सव्वादोन झाले होते.

मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो. त्यानंतर जो तो तिला एकच प्रश्न विचारी: "किती वाजले होते?" कारण तिथीचा घोळ पडला होता. त्या रात्री षष्ठी संपून सप्तमी लागत होती. पंचांगात तिथीची समाप्ती सूर्योदयापासूनच्या घटकापळांत दिलेली. आणि आमच्या घरचे पंचांग मुंबईच्या सूर्योदयावरचे. मुंबईपेक्षा शिरुरात सूर्य सुमारे दहा मिनिटे आधी उगवतो. मुंबईचा सूर्योदय धरून षष्ठी एक वाजून पाच मिनिटांनी संपे, आणि कोणी घाईने शिरूरचा धरला तर एकला पाच मिनिटे कमी असताना. ठोका साडेबाराचा असेल तर षष्ठी, दीडचा असेल तर सप्तमी, आणि एकचा असेल तर पंडितांचा वाद! आईला या प्रश्नाचे उत्तर देता येईना. "मला ठाऊक नाही," एवढेच ती म्हणे. शेवटी वडीलधाऱ्यांनी षष्ठी ठरविली. श्राद्ध षष्ठीला होऊ लागले. आई सप्तमीलाही काही खात नाही, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळले. आणि ते कळल्यावरही मी तिला काही विचारले नाही.

हे सर्व मी मुलाला हलक्या आवाजात सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने पुन्हा तिच्या कानाशी जाऊन विचारले, "पणजी, त्यानंतर काय ऐकलंस?"

"काही नाही," आई म्हणाली. "पुढे काही ऐकलंच नाही मी. यांचा हात धरून बसले होते. खिडकीतून देवळाचा कळस दिसत होता, आणि त्याच्यावर तिकांडं टेकलं होतं. ते खाली उतरलं, कळसाच्या आड गेलं, तेव्हा उठले आणि हाक मारली."

दोनचे दोन ठोके त्या घरात नक्कीच पडले होते. कदाचित त्याआधीचे आणखी एक-दोनही. ते वाजले होते. ऐकले मात्र गेले नव्हते. आम्ही सर्वांनी तिला वाजलेल्याचा हिशेब विचारला, आणि तो तिच्याजवळ नव्हता. ऐकलेल्याचा आणि पाहिलेल्याचा हिशेब तिच्याजवळ पैन् पै तयार होता. तो पन्नास वर्षांत कोणी मागितला नाही. मी तर तिचा मुलगा! मी जवळ नव्हतो या लाजेने त्या रात्रीचे नावच काढीत नव्हतो, आणि माझ्या त्या मौनाला मी तिच्या दुःखाचा मान राखणे असे गोंडस नाव दिले होते.

मुलगा मात्र एकदम उठून बसला. "आजोबा, तिकांडं म्हणजे ते तीन तारे ना? मग वेळ काढता येईल!" देऊळ अजून तेथेच आहे, खिडकीही तीच आहे. खिडकीतून कळस किती अंश वर दिसतो ते मोजायचे. तारीख आपल्याला ठाऊक आहे. ते तारे त्या रात्री त्या उंचीवर कधी होते, हे त्याचा फोन मिनिटासकट सांगेल. एक की दीड, हा तंटा कायमचा मिटेल. त्याचे म्हणणे बिनतोड होते. तारे तासाला चौदा-एक अंश उतरतात; अर्ध्या तासाचा फरक लपण्यासारखा नव्हता. खरे सांगतो, माझाही हात चष्म्याकडे गेला.

मी आईला मोठ्याने सारे समजावून सांगितले. तिने ते नीट ऐकून घेतले. मग मुलाच्या पाठीवरून हात फिरवीत ती म्हणाली, "राहू दे बाळा. आता नको. एक दिवस सगळ्यांचा असतो, भटजी येतात, पानं वाढायची असतात. दुसरा माझा एकटीचा असतो. तू हिशेब केलास तर त्यातला एक जाईल."

मुलाने फोन खाली ठेवला. त्या वयाच्या मुलाला एवढे समजावे, याचे मला त्याच्या विद्वत्तेपेक्षाही अधिक कौतुक वाटले.

घड्याळाने साडेआठचा एक ठोका दिला. तो आईला ऐकू आला नसावा. ती कंदिलाच्या ज्योतीकडे पाहत होती. नातू मजकडे वळून त्याच्या त्या भाषेत काहीतरी पुटपुटला. मला त्यातले एकच अक्षर कळले, पण तेवढे पुरेसे होते. मी उठून आईच्या शेजारी जाऊन बसलो, आणि पन्नास वर्षांपूर्वी विचारायला हवे होते ते त्या रात्री विचारावयास सुरुवात केली. किती वाजेपर्यंत आम्ही बोलत होतो, हे मात्र मला सांगता येणार नाही.